नक्षी शेवटाला का चुकते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत : एक आकृती काढली, तिच्या प्रती केल्या, आणि शेवटी काहीतरी जुळले नाही. म्हणून या अंकात तेवढाच विषय घेतला आहे. गोव्यातल्या बहुतेक छपाईच्या दुकानांत कोरलड्रॉ चालते, जाहिरात संस्थांत इलस्ट्रेटर, आणि फुकट मिळते म्हणून विद्यार्थ्यांकडे इंकस्केप. उत्तरे त्या त्या वाचकाच्या सॉफ्टवेअरप्रमाणे दिली आहेत. मेनूंची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत.

प्रश्न : देवस्थानच्या जत्रेसाठी ८ फूट बाय ३ फूट बॅनर कोरलड्रॉमध्ये करत आहे. चारी बाजूंनी कमळांचा काठ हवा आहे. एक कमळ ३.२ इंच रुंद आहे. कंट्रोल-डी दाबत गेलो की शेवटचे कमळ कोपऱ्यात अर्धेच राहते. ते दाबून बसवले तर वेगळे दिसते. (फोंडा)

तुम्ही कमळापासून सुरुवात करून कोपऱ्याकडे जाताय. उलट करा. आधी कोपरे बसवा, मग मधली जागा मोजा आणि त्या जागेला पूर्ण संख्येने भागा. कमळ त्या मापात बसवायचे असते, माप कमळाच्या मागे फिरवायचे नसते.

बॅनर ९६ बाय ३६ इंचांचा. चारी कोपऱ्यांत ४ बाय ४ इंचांची एकेक वेगळी आकृती ठेवा. आता आडवी जागा उरली ८८ इंच, उभी २८ इंच. कमळ ३.२ इंचांचे, म्हणजे थोडी फट धरून एका कमळाला साधारण साडेतीन इंच लागतील. ८८ भागिले ३.५ म्हणजे २५ आणि वर थोडे. तेव्हा २५ कमळे धरा. ८८ भागिले २५ बरोबर ३.५२ इंच, हा तुमचा आडवा टप्पा. उभ्या बाजूला २८ भागिले ८ बरोबर ३.५ इंच. दोन टप्प्यांत फरक दोन शतांश इंचाचा, तो बॅनरवर कोणालाही दिसणार नाही. हा फरक एक दशांशाच्या वर जाऊ लागला तर कोपऱ्याची आकृती थोडी लहानमोठी करून पुन्हा भागाकार करा.

आता पहिले कमळ. टप्पा ३.५२, कमळ ३.२, म्हणजे फट ०.३२ इंच. तिची निम्मी, ०.१६ इंच, कोपऱ्याच्या आकृतीपासून सोडून पहिले कमळ ठेवा. निम्मी यासाठी की शेवटच्या कमळाच्या पलीकडेही तेवढीच उरेल. मग एडिट मेनूतले स्टेप अँड रिपीट उघडा (कंट्रोल-शिफ्ट-डी). हॉरिझॉन्टल सेटिंगमध्ये ऑफसेट निवडा, अंतर ३.५२. व्हर्टिकलमध्ये नो ऑफसेट. प्रतींची संख्या २४. पंचवीस नव्हे, कारण मूळ कमळ या संख्येत धरलेले नसते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ऑफसेटऐवजी स्पेसिंग बिटवीन ऑब्जेक्ट्स निवडले जाणे. ऑफसेट म्हणजे एका कमळाच्या डाव्या कडेपासून पुढच्याच्या डाव्या कडेपर्यंत. स्पेसिंग म्हणजे दोन कमळांमधली मोकळी फट. स्पेसिंग निवडून ३.५२ टाकलेत तर खरा टप्पा ६.७२ इंच होतो आणि शेवटचे कमळ पहिल्यापासून १६१ इंचांवर, पानाच्या पार बाहेर जाते. स्पेसिंगच वापरायचे असेल तर आकडा ०.३२ टाका.

कंट्रोल-डीमध्येही कोरल हुशारी करते. एक प्रत करून ती हवी तिथे सरकवली की पुढचे कंट्रोल-डी तेवढ्याच अंतरावर प्रत टाकते. दहाएक प्रतींपर्यंत हे सोयीचे. पण पहिले सरकवणे नजरेने केलेले असते, आणि त्यात अर्धा दशांश इंच जरी चुकला तरी चोविसाव्या प्रतीपर्यंत ती चूक १.२ इंच होते. तुमचे शेवटचे कमळ अर्धे राहते त्यामागे हाच गुणाकार आहे.

आणखी एक. कोरलमध्ये वर दिसणारे रुंदीचे माप आउटलाइन सोडून असते. कमळाला ६ पॉइंटची आउटलाइन असेल तर ती दोन्ही बाजूंना ३-३ पॉइंट बाहेर येते, आणि ०.३२ इंचाची फट प्रत्यक्षात ०.२४ इंच दिसते. जाड आउटलाइन असेल तर आधी कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबून तिचा ऑब्जेक्ट करा, कमळाबरोबर ग्रुप करा, मगच माप घ्या.

उभ्या काठासाठी एक कमळ ९० अंशांत फिरवून, ०.१५ इंच सोडून, व्हर्टिकल ऑफसेट ३.५ आणि प्रती ७. छपाईला देण्यापूर्वी दुकानदाराला विचारा, कडा दुमडून रिंगा मारणार की ८ फूट हे दुमडल्यानंतरचे माप आहे. कागदावर अचूक बसलेला काठ दुमडीत गेला तर वरची सगळी आकडेमोड वाया.

प्रश्न : कोरल सोडून इंकस्केप घेतले. कंट्रोल-डी दाबले तर काहीच होत नाही. बग आहे का? (डिचोली)

होते, पण दिसत नाही. इंकस्केप प्रत मूळ आकृतीच्या नेमकी वर ठेवते आणि तीच निवडलेली राहते. तुम्ही पुन्हा पुन्हा दाबले असेल तर आता तिथे थप्पी असेल. त्या जागेभोवती निवडीचा चौकोन ओढा आणि खालच्या पट्टीत किती ऑब्जेक्ट निवडले गेले तो आकडा वाचा. थप्पी तशीच छापायला गेली तर आकृतीच्या कडा जाड आणि करवतीसारख्या दिसतात आणि पारदर्शक रंग गडद होतात.

सवय मोडायला वेळ लागेल, कारण याच दोन कळांचा अर्थ तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. कोरलमध्ये : थोडे बाजूला सरकवून प्रत. इंकस्केपमध्ये : जागच्या जागी प्रत. इलस्ट्रेटरमध्ये प्रत होतच नाही, आधीची हालचाल पुन्हा केली जाते. ती हालचाल ऑल्ट धरून ओढण्याची असेल तर प्रत मिळते, नुसती ओढण्याची असेल तर आकृती आणखी पुढे सरकते.

पटकन चार ठसे हवे असतील तर इंकस्केपमध्ये आकृती ओढत असताना स्पेसबार दाबा, दाबाल तिथे एक प्रत उमटते. मोजून हव्या असतील तर टाइल्ड क्लोन्स, म्हणजे मूळ आकृतीशी दुवा राखणाऱ्या, ओळी-स्तंभांत मांडलेल्या प्रती. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न : फोंताइन्हासमधल्या जुन्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सच्या धर्तीवर १५ सेंटिमीटरची एक टाइल इंकस्केपमध्ये काढली आहे. चार टाइल्स फिरवून लावल्या की मध्ये फूल व्हायला हवे. फूल होते, पण काही वेली कडेवर तुटतात. शिवाय पडद्यावर टाइल्सच्या मध्ये केसासारखी पांढरी रेघ दिसते. या टाइल्स सब्लिमेशनने (उष्णतेने शाई उतरवून) प्रत्यक्षात छापून भिंतीवर लावायच्या आहेत. (पणजी)

तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकेक घेऊ.

वेली तुटतात, कारण टाइलच्या कडा एकमेकींना कुठे भेटतात हे काढताना धरलेले नाही. टाइल एका कोपऱ्याभोवती ९० अंशांनी फिरवली की तिच्या उजव्या कडेला शेजारी येते ती तिचीच खालची कड. म्हणजे फूल ज्या कोपऱ्यात जमते त्या कोपऱ्यापासून उजव्या कडेवर ४० मिलिमीटरवर वेल बाहेर जात असेल, तर खालच्या कडेवरही त्याच कोपऱ्यापासून ४० मिलिमीटरवर वेल बाहेर गेली पाहिजे. तेवढ्याच जाडीची. हे तुम्ही सांभाळले असणार, म्हणूनच फूल जुळते. चुकते ते समोरच्या कोपऱ्यात. चार टाइल्सचा गट पुढच्या गटाला चिकटतो तेव्हा उरलेल्या दोन कडांना, डाव्या आणि वरच्या, तोच नियम लागतो, फक्त अंतर मोजायचे ते त्या दोघींच्या सामाईक कोपऱ्यापासून. मोजमाप टाळायचे असेल तर निम्मी टाइल काढा आणि फुलाच्या कोपऱ्यातून जाणाऱ्या कर्णावर आरशासारखी उलटवा. कर्णाच्या दोन्ही बाजू सारख्या झाल्या की दोन्ही अटी आपोआप पुऱ्या होतात. वेल कडेला काटकोनात भिडू द्या. तिरकी भिडली तर जोडावर कोन पडतो.

आता टाइल्स मांडणे. टाइलचे सगळे भाग ग्रुप करा, वर १५० मिलिमीटरचा, आउटलाइन नसलेला चौकोन ठेवा आणि त्याने ग्रुप क्लिप करा, म्हणजे चौकोनाबाहेरचे झाकले जाईल. हे न करता पुढे गेलात तर इंकस्केप आउटलाइनसकट जे माप दिसते ते टाइलचे माप धरते, आणि कडेवरची १ मिलिमीटरची रेघ टाइल १५१ मिलिमीटरची करून ठेवते. मग एडिट, क्लोन, क्रिएट टाइल्ड क्लोन्स. सिमेट्रीमध्ये पी४ निवडा, म्हणजे ९० अंशांचे फिरवणे. ओळी आणि स्तंभ सुरुवातीला ४ बाय ४ पुरे. शिफ्ट, स्केल, रोटेशनचे सगळे आकडे शून्य असल्याची खात्री करा, कारण मागच्या वेळी टाकलेले आकडे तिथे तसेच बसलेले असतात. रीसेट बटण त्यासाठीच आहे.

त्या यादीत सतरा प्रकार दिसतील. ते सॉफ्टवेअरवाल्यांनी आवडीने निवडलेले नाहीत. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना पुन्हा पुन्हा येणारी नक्षी सतराच प्रकारांनी सममित असू शकते, हे रशियन गणिती फेदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले. फिरवण्याच्या पायऱ्याही त्यात १८०, १२०, ९० आणि ६० अंश एवढ्याच. पाच पाकळ्यांचे फूल नक्षीत येऊ शकते, पण अख्खी नक्षी ७२ अंशांत फिरवून स्वतःवर बसवता येत नाही. तसा प्रयत्न करणाऱ्यांनी वेळ वाचवावा.

क्लोन झाल्यावर मूळ टाइल पहिल्या क्लोनच्या खाली दडलेली असते. शिफ्ट-डी दाबले की क्लोनवरून मूळ सापडते. तीत बदल करा, सगळीकडे बदल होतो, वेली जुळवायला यासारखे साधन नाही. एखाद्याच टाइलचा रंग बदलायचा असेल तर मात्र क्लोन ऐकणार नाही. मूळ आकृतीचा फिल प्रश्नचिन्हाच्या बटणाने अनसेट केलेला असेल तरच क्लोनला स्वतःचा रंग घेता येतो. नाहीतर शिफ्ट-ऑल्ट-डीने त्याचा दुवा तोडावा लागतो. दुवे तोडायची घाई करू नका. ते काम सगळ्यात शेवटचे.

पांढरी रेघ. चित्र मोठे करून पाहा. ४०० टक्क्यांवरही रेघ तेवढीच बारीक राहिली तर ती फट नाही. पडद्यावर प्रत्येक टाइलची कड वेगळी गुळगुळीत केली जाते. कड पिक्सेलच्या मधोमध आली की दोन्ही टाइल्स तो पिक्सेल अर्धा अर्धा रंगवतात आणि मागचा पांढरा थोडा झिरपतो. मोठे केल्यावर रेघ रुंदावत गेली तर मात्र खरी फट आहे, तुमचे माप चुकले आहे. पहिल्या प्रकारावर उपाय सोपा : सगळ्याखाली टाइलच्या पार्श्वभूमीच्या रंगाचा एक सलग चौकोन टाका. टाइल्स एकमेकींवर चढवण्याचा सल्लाही दिला जातो, तो फक्त अपारदर्शक रंगांना चालतो.

पीएनजी काढताना तीच रेघ फाइलमध्ये उतरू शकते. १५० मिलिमीटर ३०० डीपीआयला १७७१.६५ पिक्सेल होतात. तो उरलेला अपूर्णांक कडेवर अर्धपारदर्शक पट्टी बनून बसतो. निर्यातीत रुंदी आणि उंची दोन्ही १७७२ अशी पूर्ण द्या. आणि एक टाइल मोजमापाने तपासल्याशिवाय १५ सेंटिमीटर धरू नका. बाजारात सहा इंची म्हणून मिळणारी टाइल १५० मिलिमीटरही असते आणि १५२ही.

भिंतीवर लावताना जोड येतात. ३ मिलिमीटरचा जोड ठेवला आणि वेल ४५ अंशांत तो ओलांडत असेल, तर ती पलीकडे ३ मिलिमीटर सरकलेली दिसते. काटकोनात ओलांडणाऱ्या वेलीला जोडाचा त्रास नाही, हे वरच्या सल्ल्याचे दुसरे कारण. तिरक्या रेषा टाळता येत नसतील तर नक्षी १५३ मिलिमीटरच्या घरात काढा आणि प्रत्येक बाजूने दीड मिलिमीटर कापून १५० ची टाइल छापा. जोडात हरवलेला भाग डोळा भरून काढतो.

प्रश्न : देवळांच्या भिंतींवरच्या कावीसारखे सोळा पाकळ्यांचे चक्र करायचे आहे. पाकळ्या एकमेकींवर चढणाऱ्या. इलस्ट्रेटर आहे. शेवटची पाकळी पहिलीच्या वर येते, खाली जात नाही. (मडगाव)

फिरवण्याची रीत आधी. पाकळी निवडा, रोटेट टूल घ्या, ऑल्ट धरून चक्राच्या केंद्रावर क्लिक करा. खिडकी उघडेल, २२.५ टाका (३६० भागिले १६) आणि ओके नव्हे, कॉपी दाबा. मग कंट्रोल-डी चौदा वेळा. केंद्रावर क्लिक करताना स्मार्ट गाइड्स चालू ठेवा. केंद्र चुकले की शेवटच्या दोन पाकळ्यांत वेगळीच फट दिसते.

पाकळ्यांची संख्या ७ असेल तर भागाकार सुटत नाही. ५१.४ टाकून चालवलेत तर सात पायऱ्यांनंतर ०.२ अंश कमी पडतात, आणि ३०० मिलिमीटर त्रिज्येवर ते एक मिलिमीटर होते. ५१.४३ टाका, मग फरक दिसण्याएवढा राहत नाही.

पाकळ्या चढू द्यायच्या नसतील तेव्हा उपयोगी पडणारा आकडा : १०० मिलिमीटर त्रिज्येवर सोळा भागांतला एक भाग ३९ मिलिमीटर रुंद असतो. पाकळी तिथे याहून रुंद असेल तर शेजारणीवर चढणारच.

आता शेवटची पाकळी. प्रत्येक नवी प्रत आधीच्या वर येते, म्हणून सोळावी पंधरावीवर आणि पहिलीवरही. पहिली पाकळी उचलून वर आणलीत तर ती सोळावीवर येते खरी, पण दुसरीवरही येते, जे नको आहे. म्हणून पहिलीची प्रत घ्या (कंट्रोल-सी, कंट्रोल-एफ) आणि ती सगळ्यांच्या वर आणा. दुसरीचीही जागच्या जागी प्रत घेऊन त्याहून वर आणा. या दोन प्रती निवडून पाथफाइंडरमधले मायनस फ्रंट. पहिलीचा दुसरीखाली जाणारा भाग कापला जातो आणि उरलेला तुकडा सोळावीला झाकतो. पाकळ्या इतक्या रुंद असतील की पहिली तिसरीपर्यंत पोचते, तर तिसरीची प्रतही त्याच वेळी वजा करा.

ऑब्जेक्ट, रिपीट, रेडियल हा नवा मार्गही आहे. संख्या आणि त्रिज्या ओढून बदलता येतात, आराखडा ठरवताना छान. पण वरची कापाकापी करायची तर तो आधी एक्स्पँड करावा लागतो.

कावीत मुळात दोनच रंग : चुन्याचा पांढरा आणि त्यावर हुरमंजीचा तांबडा थर, जो ओला असताना कोरून खालचा पांढरा उघडा करतात. म्हणून कॉम्प्युटरवरही तांबड्यावर पांढऱ्या आकृत्या चिकटवण्यापेक्षा तांबड्यातून आकार कापून काढा. छपाईत दोन्ही सारखे दिसतील, पण उद्या तेच चक्र व्हिनाइल कटरला किंवा स्टेन्सिलला द्यायचे झाले तर चिकटवलेले पांढरे तुकडे कटर वेगळे कापत बसेल.

प्रश्न : कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्या कापडावर डिजिटल छापायच्या आहेत, मधून मधून एक फूल अर्ध्या उतारावर. छापणारा म्हणतो, "सरळ रिपीटचा एकच तुकडा द्या." (केपे)

चौकड्यांपुरता तुकडा सोपा आहे. एकच सावधगिरी : घराची (पुन्हा पुन्हा छापायच्या तुकड्याची) कड पट्ट्याच्या कडेवर आणू नका, पट्ट्याच्या मधोमध आणा. पट्टा ८ मिलिमीटरचा असेल तर ४ डावीकडे, ४ उजवीकडे. कडेवर पट्टा संपवला की छपाईत उरलेली सूक्ष्म चूक दोन रंगांच्या सीमेवर येते आणि दिसते. तांबड्याच्या पोटात आली तर कुणाला कळत नाही. उभे आणि आडवे पट्टे जिथे छेदतात तिथे विणीत गडद लाल दिसतो. तो हवा असेल तर आडव्या पट्ट्यांना मल्टिप्लाय (खालच्या रंगात मिसळून गडद होण्याची सोय) द्या, आणि छपाईला देण्यापूर्वी सपाट करा, कारण सगळ्याच छापणाऱ्यांचे सॉफ्टवेअर पारदर्शकता सारखी वाचत नाही.

अर्ध्या उताराचे गणित असे. घर रुंद १२० आणि उंच १६० मिलिमीटर असेल, तर शेजारच्या स्तंभातले फूल १२० उजवीकडे आणि ८० खाली. सरळ रिपीट, म्हणजे तुकडा खालीवर न सरकवता शेजारी शेजारी मांडणे, मागणाऱ्याला दुप्पट रुंदीचा तुकडा द्यावा लागतो : २४० बाय १६०, त्यात दोन फुले. चौकडीचे घर या दोन्ही मापांत पूर्ण वेळा बसले पाहिजे, नाहीतर फुले जुळतील आणि पट्टे तुटतील. चौकडी ४० मिलिमीटरची असेल तर २४० मध्ये सहा आणि १६० मध्ये चार, बरोबर बसतात. ३५ ची चालणार नाही.

फुलाची पाकळी तुकड्याच्या उजव्या कडेबाहेर १२ मिलिमीटर जात असेल तर ती कापून डावीकडे चिकटवू नका. अख्ख्या फुलाची प्रत नेमकी २४० मिलिमीटर डावीकडे ठेवा (ऑब्जेक्ट, ट्रान्सफॉर्म, मूव्ह, उणे २४०, कॉपी) आणि मग तुकडा कापा. कोपऱ्यावर येणाऱ्या फुलाच्या प्रती तीन लागतात, चौथ्या कोपऱ्याची हमखास राहून जाते. इलस्ट्रेटरच्या ऑब्जेक्ट, पॅटर्न, मेक या खिडकीत ब्रिक बाय कॉलम निवडून, ऑफसेट अर्धा ठेवून हे सगळे आधी पाहता येते. नक्षी तिथे ठरवा आणि तुकडा वरच्या मापाने हाताने काढा.

एक मत, विचारले नसले तरी. कुणबी चौकडी ही मागावर विणलेली. छापलेले कापड विकताना "कुणबी साडी" म्हणू नका, "कुणबी चौकडीची छपाई" म्हणा. विणणाऱ्यांचे पोट त्या नावावर आहे.

प्रश्न : मासळीच्या खाणावळीच्या मेनूकार्डावर मागे माशाच्या खवल्यांची नक्षी हवी. इंकस्केपमध्ये खालची ओळ वरच्या ओळीवर चढते, उलट हवे. (वास्को)

छपरावरच्या कौलांसारखे, वरची ओळ खालचीच्या डोक्यावर. इंकस्केप ओळी वरून खाली टाकत जाते आणि नंतरची वर येते, म्हणून तुम्हाला उलटे मिळते. ओळी खालून वर टाकायला लावा : टाइल्ड क्लोन्समध्ये पी१ (न फिरवता नुसते सरकवणे), शिफ्ट टॅबवर प्रत्येक ओळीमागे वायचा शिफ्ट उणे १५० टक्के. इंकस्केप स्वतःहून एक उंची खाली जाते, त्यातून दीड उंची वजा झाली की अर्धी उंची वर. म्हणजे खवल्याचा अर्धा भाग झाकलेला राहतो. तिसरा हिस्साच झाकायचा असेल तर उणे १६७ टाका. प्रत्येक ओळीमागे एक्सचा शिफ्टही ५० टक्के. प्रत्येक ओळ आणखी अर्धे घर उजवीकडे सरकत जाईल, म्हणून स्तंभ जास्त घ्या आणि सुरुवात बरीच डावीकडून करा. मूळ खवला पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याबाहेर ठेवून सुरुवात करा.

प्रश्न : "श्री" हे अक्षर पुन्हा पुन्हा वापरून पत्रिकेची पार्श्वभूमी केली. छापखान्यात अक्षर फुटले. (साखळी)

प्रती करण्यापूर्वी मूळ अक्षराचे कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टवर न विसंबणारा आकार करा : कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी. त्यानंतर वेल्ड किंवा युनियन (तुकडे जोडून एक आकार करणे), हे विसरतात. देवनागरीची अक्षरे शिरोरेषेवर एकमेकांत थोडी घुसलेली असतात. नुसते कर्व्ह करून पारदर्शकता किंवा पांढरी आउटलाइन दिली की ते जोड डागासारखे दिसतात. मुळात एकदा जोडले की पाचशे प्रतींत जोडावे लागत नाही.

प्रश्न : शिंपल्यांच्या खिडकीची नक्षी केली, दोनेक हजार प्रती. कॉम्प्युटर अडतो आणि छापणारा म्हणतो फाइल उघडत नाही. क्लोन वापरल्यास हलकी होईल का? (म्हापसा)

फाइलचे वजन कमी होईल, पडद्यावरचा वेळ फारसा वाचणार नाही, कारण प्रत्येक क्लोन काढावा तर लागतोच. आधी एका शिंपल्यात किती नोड (आकाराच्या रेषेवरचे बिंदू) आहेत ते पाहा. फोटोवरून ट्रेस केलेल्या शिंपल्यात साठ नोड असतील तर दोन हजार प्रतींचे एक लाख वीस हजार होतात. तोच आकार हाताने काढलात तर आठ नोडांत भागतो. ब्लर आणि सावल्या मूळ आकृतीतून काढून टाका. सावली हवीच असेल तर तिच्या जागी गडद रंगाचा एक साधा आकार सरकवून ठेवा.

काम करताना आउटलाइन व्ह्यू वापरा. नक्षी पक्की झाली की शिंपल्यांचा एक तुकडा निवडून इंकस्केपमध्ये ऑल्ट-आयने त्याचा पॅटर्न करा आणि एका मोठ्या चौकोनात भरा. कोरलमध्ये शिंपल्याचा सिंबॉल करून प्रती टाका. छापणाऱ्याला मात्र कच्ची फाइल देऊ नका. छपाई फ्लेक्सवर असेल तर तो लांबून पाहायचा असतो, तेव्हा पार्श्वभूमीची नक्षी प्रत्यक्ष मापात १०० डीपीआयची टिफ करून द्या आणि वरचा मजकूर तेवढा व्हेक्टर ठेवा. मूळ, दुवे न तोडलेली फाइल स्वतःकडे वेगळ्या नावाने ठेवा, पुढच्या वेळी गिऱ्हाईक खिडकीचे माप बदलून मागणार आहे.